सातव्या प्रकरणातला माणूस

कात्रीबाईंनी चौथ्या कादंबरीची शेवटची वीस पानं ओट्यापाशी उभ्यानेच वाचली, चहा उतू गेला तरी गॅस बंद केला नाही, आणि वाचून झाल्यावर पुस्तक धुतलेल्या भांड्यांच्या टोपलीत टाकलं.

"म्हणजे हाही पडलाच प्रेमात," त्या भांड्यांना म्हणाल्या. "कपाळ माझं! यंत्रमानव होता तो. निदान यंत्राला तरी सोडायचं होतं!"

कात्रीबाई हे नाव अर्थातच लेखकांनी ठेवलेलं. रविवारच्या पुरवणीत नव्या कादंबऱ्यांचा पानभर समाचार घ्यायचं काम त्या बावीस वर्षं करत होत्या. नवे लेखक त्यांच्याकडे पुस्तक पाठवताना हात जोडत, जुने पाठवतच नसत. ह्या खेपेचा विषय मात्र पुरवणीच्या संपादकाने दिला होता.

"बाई, हल्ली कादंबऱ्यांतून अलैंगिक पात्रं यायला लागलीत," तो फोनवर म्हणाला होता. "म्हणजे ज्यांना त्यात... त्यात रसच नसतो अशी. वेगवेगळ्या धाटणीची पाच पुस्तकं पाठवतो. एका पानात बसवा."

'त्यात' म्हणताना त्याचा आवाज असा काही खाली गेला, की शेजारच्या टेबलावर त्याची सासू बसली असावी. बाई म्हणाल्या, पाठवा.

पाच पुस्तकं आली, आणि पळसाला पानं तीनच. रहस्यकथेत खून घड्याळजीने केला होता. का, तर त्याला बाईही नको होती आणि बुवाही नको होता. असा माणूस दुसरं काय करणार? ते दुसऱ्याच पानावर कळत होतं, उरलेली तीनशे पानं लेखकाला एकट्याला उत्सुकता होती. भयकथेत मुलीच्या अंगातलं भूत निघालं आणि ती त्याच पानावर डॉक्टरच्या गळ्यात पडली. प्रेमकथेतली नायिका दोनशे पानं 'मला हे नको आहे' असं स्वच्छ सांगत होती. मग नायक बाह्या दुमडून तिच्या न्हाणीघरातला नळ दुरुस्त करायला आला. झालं! एवढ्यासाठीच अडलं होतं म्हणे. बाईंनी लिहिलं, 'ह्या लेखिकेच्या मते नको म्हणणाऱ्या बाईला नवरा नव्हे, प्लंबर हवा असतो.'

पण सगळ्यांत जास्त डोकं फिरलं ते पाचव्याने. कौटुंबिक कादंबरी, चारशे ऐंशी पानं, वेष्टणावर 'वर्षातलं सर्वांत धाडसी लेखन'. घरातले मोठे काका बिनलग्नाचे. सगळं घर कुजबुजतं, काका गप्प. वाचणाऱ्याला वाटतं, चला, ह्याला तरी गप्प राहू देतील. कशात काय! शेवटी ट्रंक उघडते आणि आतून काकांच्या मेलेल्या वाग्दत्त वधूची पत्रं निघतात. मग सगळे रडतात, काका रडतात, आणि धाडस संपतं. त्यावर बाईंनी लिहिलं, 'नको होतं, एवढं उत्तर ज्यांना पुरत नाही, ते लेखक एक प्रेत आणून दारात ठेवतात.'

बाई स्वतः अठ्ठावन्न वर्षांच्या आणि बिनलग्नाच्या होत्या. 'अलैंगिक' हा शब्द त्यांनी दहा वर्षांपूर्वी दवाखान्यात नंबरची वाट बघताना एका मासिकात वाचला होता. लेख दोनदा वाचला आणि नंबर आला तेव्हा ते मासिक सरळ पर्समध्ये टाकून आत गेल्या. घरी कुणाला काही बोलल्या नाहीत. घरच्यांनी विचारणं त्याआधी कितीतरी वर्षं सोडून दिलं होतं.

पाचवं वाचून झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी पाच वाजेपर्यंत मजकूर पाठवायचा होता. अकराला बेल वाजली. दारात भाची उभी होती, भावाची मुलगी, एकोणतीस वर्षांची, आणि तिच्या छातीशी कागदांचा गठ्ठा होता.

"प्रूफं आली आत्या," ती चपला काढता काढता म्हणाली. "उद्या छापायला जातंय."

"मग माझ्याकडे कशाला आणलंस? छापखाना पलीकडच्या रस्त्याला आहे."

"तू वाच. सगळं नको, सातवं प्रकरण फक्त." भाचीने गठ्ठा टेबलावर ठेवला आणि त्यावरचा हात काढला नाही. "त्यातली आत्या तुझ्यावरून घेतलीय. तू हो म्हणालीस तरच जाईल. नाही म्हणालीस तर मी थांबवीन, देवाशप्पथ."

"माझ्यावरून?"

"चिडू नकोस. प्रेमाने घेतलीय."

बाईंनी चष्मा पुसला. भाचीची ही पहिली कादंबरी. चार वर्षं ती नोकरीच्या आधी पहाटे उठून लिहीत होती, हे त्यांना ठाऊक होतं. ह्या पोरीला अक्षरओळख त्यांनीच करून दिली होती, ह्याच टेबलावर. तिचं वाईट निघालं तर काय करायचं, ह्याचा विचार त्यांनी गेल्या चार वर्षांत पुष्कळदा केला होता आणि दर वेळी अर्ध्यात सोडला होता. त्यांनी पेन्सिल घेतली.

पहिली चार पानं चांगली होती. पेन्सिल उचलली गेली नाही. कादंबरीतली आत्या एकटी राहते, तिला लोकांची फजिती बघायला आवडते, ती स्टेशनवर उगाच जाऊन बसते. बाईंना हसू आलं आणि त्यांनी ते दाबलं. भाची समोर बसून नख खात होती.

पाचव्या पानावर तो आला. नकाशे काढणाऱ्या खात्यातला तरुण. डावखुरा. आत्याचं त्याच्यावर प्रेम, त्याचं आत्यावर, आणि घरात कुणालाच पत्ता नाही.

"अगं बाई!" कात्रीबाई म्हणाल्या. पेन्सिल समासात उतरली. 'उसना.'

"काय झालं?"

"काही नाही. हा आता मरणार."

पुढच्याच पानावर त्याची दूरच्या मुलखात नेमणूक झाली आणि तिथे त्याला ताप आला. बाईंनी लिहिलं, 'हा ताप कुठल्याही वाचनालयात मिळतो.' त्याचं शेवटचं पत्र तो गेल्यावर चार दिवसांनी आत्याच्या हातात पडलं. 'पडणारच. टपालखात्याला दुसरा उद्योग काय?' आता त्या मोठ्याने बोलायला लागल्या होत्या. राग नुसता लेखनाचा नव्हता. ज्या पोरीला आपण हाताला धरून वाढवलं, तिलाही आपल्या जागी एक मेलेला बाप्या लागावा, ह्याचा होता.

"तुला काय वाटतं गं? बाई एकटी आहे म्हणजे कुणीतरी मेलंच असलं पाहिजे? मी आत्ता त्या पाचव्याची सालं काढली, आणि तू त्याचाच धाकटा भाऊ माझ्या घरात घेऊन आलीस?"

"आत्या, पूर्ण वाच ना."

"वाचते की! आणि हे बघ, हे तर फारच गोड. हसताना तोंडावर हात धरायचा म्हणे. का, तर पुढचा दात अर्धा तुटलेला, त्याची लाज! असल्या दोन-चार लकबी चिकटवल्या की झाला माणूस तयार."

भाचीने नख खायचं थांबवलं.

"दाताचं पुढच्या पानावर आहे," ती म्हणाली. "तू अजून पान उलटलं नाहीस."

बाईंनी हातातल्या कागदाकडे पाहिलं. मग तो उलटला. दात तिथे होता. अर्धा, वरचा, डावीकडचा.

त्यांनी त्या ओळीवर बोट ठेवलं.

"हे तुला कुणी सांगितलं?"

"आजीने. जायच्या आधी, हॉस्पिटलमध्ये." भाचीचा आवाज बारीक झाला. "म्हणाली, तू तिला एकटीलाच सांगितलं होतंस. कुणाला बोलू नकोस म्हणून शपथ घातली होतीस. मी नाव बदललंय आत्या. बाकी आजीने जसं सांगितलं तसं ठेवलं, मला वाटलं त्याच्यात फेरफार करणं बरं नाही. तुझंच आहे ना ते."

बाईंनी चष्मा काढून प्रुफांवर ठेवला.

"माझंच आहे," त्या म्हणाल्या. "शब्दन् शब्द. मीच रचलंय."

"म्हणजे?"

"असा कुणी नव्हता."

भाची हसली, आणि मग हसू तसंच राहिलं.

"सव्विसाव्या वर्षी वाचनालयात नोकरीला होते. ताप एका कादंबरीतून घेतला. पत्र दुसरीतून. दात मात्र खरा होता. एक वाचक यायचा, पुस्तकं उशिरा परत करायचा आणि हात तोंडावर धरून माफी मागायचा, त्याचा. तो बिचारा बायकापोरांत सुखी होता." बाईंनी एकदम मान झटकली. "बावीस वर्षं दुसऱ्यांच्या डोळ्यांतली कुसळं काढतेय बघ मी."

"पण आजी..." भाची उठून उभी राहिली. "आजी रडत होती गं मला सांगताना. पंचवीस-तीस वर्षं झाली होती त्या गोष्टीला आणि ती रडत होती. तिला शांत वाटावं म्हणून मी ते लिहायला घेतलं. तू तिला..."

"हो. मी तिला रडू दिलं."

"का? खरं का नाही सांगितलंस?"

"खरं?" बाईंच्या तोंडून तो शब्द त्यांच्या नेहमीच्या चिरक्या स्वरात निघाला, लेखकांसाठी राखून ठेवलेल्या, आणि लगेच मोडला. "खरंच सांगितलं होतं आधी. तीनदा. आई, मला नको आहे. हाही नको, तोही नको, कुणीच नको, आणि मला काही झालेलं नाही. पहिल्यांदा ती हसली. दुसऱ्यांदा बोलायची बंद झाली. तिसऱ्यांदा मला डॉक्टरकडे घेऊन गेली. त्याने माझ्यासमोर तिला विचारलं, मुलगी लहानपणापासूनच अशी का? मग मी ह्याला रचला आणि मारला. त्या दिवशी तिने मला जवळ घेतलं. एवढी मोठी झाले होते तरी मांडीवर घेतलं. पुन्हा एकही स्थळ घरात आलं नाही."

स्वयंपाकघरात नळ ठिबकत होता. भाची हळूच खाली बसली.

"मग मी काय करू आता?" ती म्हणाली. "उद्या छापायला जातंय."

बाईंना वाटलं, म्हणावं, जाऊ दे तसंच. वाईट लिहिलं नव्हतं पोरीने. लोक हळहळतील, दोन-चार बायका रडतील, आणि ह्यापुढे कधीच कुणी विचारणार नाही. एक 'हो' म्हणायचं फक्त. तोंडाशी आलं होतं.

"नको," त्या म्हणाल्या. "थांबव."

उठून त्या लिहायच्या टेबलाशी गेल्या. पाचव्या पुस्तकावरचा मजकूर वाचला, दारात आणून ठेवलेल्या प्रेतापर्यंत. त्याच्यापुढे त्यांनी आणखी तीन वाक्यं लिहिली, एकही न खोडता, आणि पाच वाजायच्या कितीतरी आधी पान पाठवून दिलं.

पंधरा मिनिटांत संपादकाचा फोन आला.

"बाई, मजकूर उत्तम. फक्त शेवटी काहीतरी घोटाळा झालाय बहुतेक." तो वाचू लागला. "'असा एक प्रियकर मीही रचला होता, ह्याहून वाईट. आईला सत्य पचलं नाही, म्हणून तिला कादंबरी दिली. लेखकांना मी बावीस वर्षं जे ऐकवते आहे, ते आधी मला लागू आहे.' हे... हे छापायचं नाहीये ना?"

"छापायचंय."

"अहो पण लोक विचारतील. म्हणजे, तुमच्याबद्दल..."

"विचारू देत. आणि जागा कमी पडली तर त्या प्लंबरचा परिच्छेद कापा, ह्याला हात लावू नका."

त्यांनी फोन ठेवला. मागे भाचीनेही कुणाशी तरी बोलणं संपवलं होतं. छापखाना पंधरा दिवस थांबणार होता. तिने सातवं प्रकरण गठ्ठ्यातून काढून उलटं केलं होतं, कोऱ्या बाजूने, आणि बाईंची पेन्सिल तिच्या हातात होती. डोळे लाल होते. आजीसाठी की आपल्यासाठी, हे बाईंना कळलं नाही, आणि त्यांनी विचारलंही नाही.

"मी अजून चिडलेय तुझ्यावर," भाची म्हणाली.

"चीड."

"पण सांग. सव्विसाव्या वर्षापासून सांग."

बाई तिच्या समोरच्या खुर्चीत बसल्या.

"त्याच्या आधीपासून सांगते," त्या म्हणाल्या. "तेव्हा मी खरं बोलायचे."