कोटाचं अस्तर

माझा नवरा फौजेत आहे आणि फोनवर माझ्यापेक्षा बुटांशी जास्त संसार करतो. गेलं वर्षभर त्याच्या पलटणीत जुनं सामान जमा होऊन नवं येत होतं. आधी हेल्मेट आलं, मग नव्या ठिपक्यांची वर्दी, मग बूट. प्रत्येक वस्तू आली की ऋषिकेश तिचं नव्या नवरीसारखं कौतुक करायचा, आणि नव्याचे नऊ दिवस सरले की तक्रारी सुरू. हेल्मेट हलकं आहे पण पट्टा हनुवटीला टोचतो. बूट पाण्यात भिजत नाहीत पण टाचेला चावतात. जुने बूट कसे पायाला ओळखायचे, हे मी इतक्यांदा ऐकलं की एकदा म्हटलं, मग त्या बुटांनाच माळ घालायची होती. तो हसला. त्याचं हसणं कानावर पडावं म्हणून मी बुटांवरही तासभर बोलायला तयार असायचे, पण त्याच्याकडे तासभर कुठला?

तो कुठे आहे ते तो सांगत नाही आणि आम्ही विचारत नाही. आमच्या घरात त्या जागेला नुसतं ‘वर’ म्हणतात. वर बर्फ आहे, वर फोन लागत नाही, एवढंच आम्हाला कळतं.

मागच्या दिवाळीनंतर तो वरून थेट सुट्टीवर आला, तो सरकारी कोट घालूनच. जाड, हिरवा, आत बटणांनी लावलेलं मऊ अस्तर. नागपुरात आमच्या हुडकेश्वरात असल्या कोटाची थंडी पडत नाही. नागपूर स्टेशनवर उतरला तेव्हा तो घामाने निथळत होता आणि रिक्षावाला त्याच्याकडे बघून हसत होता. सुट्टी संपली तेव्हा बॅगेत भरलेला तो कोट मी काढून घेतला. त्याची ड्यूटी आता वर्षभर खाली होती, कोट लागणार नव्हता. सरकारी वस्तू आहे म्हणून तो जरा कुरकुरला, मग राहू दे म्हणाला. पुढच्या महिन्यात कळलं, मला दिवस गेलेत.

त्या कोटाला घामाचा, बुखारीच्या, म्हणजे वरच्या शेगडीच्या, धुराचा आणि त्याच्या डोक्याच्या तेलाचा वास होता. मी त्यात तोंड खुपसून किती वेळा रडले असेन, याचा हिशेब नाही. सगळे म्हणायचे, कामिनी मोठी धीराची आहे. धीर दाराच्या मागे खुंटीला टांगलेला होता, हे त्यांना कुठे ठाऊक?

मला आई नाही, म्हणून बाळंतपण सासरीच झालं. पोळ्याच्या आठवड्यात भैरवी जन्मली. ऋषिकेशची रजा मंजूर झाली होती, पण पलटणीची हलवाहलव निघाली आणि ती रद्द झाली. मी दवाखान्यातून घरी आले तर माझ्या मैत्रिणींनी आणलेल्या नव्या दुपट्यांना सासूबाई हात लावू देईनात. जयवंता असं त्यांचं नाव, आणि नावातला जय त्या कधी सोडत नाहीत. त्यांच्या माहेरची रीत अशी की बाळाच्या अंगाखाली पहिलं कापड बापाच्या वापरातलं हवं, आणि ते इतर कोणी काढायचं नाही. बाप येईल, पोर मांडीवर घेईल आणि आपल्या हाताने ते काढेल. तेव्हाच नवं कापड. ही रीत ज्या बायांनी घातली त्यांचे नवरे दिवस मावळला की वावरातून घरी येत होते, हे मी बोलून दाखवलं. सासूबाईंनी ते ऐकलंच नाही.

ऋषिकेशचे जुने शर्ट त्यांनी उलटेपालटे करून पाहिले. सगळे धुऊन, इस्त्री करून ठेवलेले. धुतलेलं चालणार नव्हतं. मग त्यांनी खुंटीवरच्या कोटाची बटणं काढली, आतलं अस्तर मधोमध कापलं, दोन्ही तुकडे एकावर एक ठेवले, वरून आपली जुनी सुती साडी लावली आणि एका दुपारीत टाके घालून गोधडी केली. मी बाजेवर पडून बघत होते. मला वाईट वाटलं नाही. उलट वाटलं, चला, पोरीला बापाच्या अंगाची ऊब तरी मिळाली. भैरवी त्या गोधडीवर अशी झोपायची की खाली पाळण्यात नुसती चादर असली तर पाच मिनिटांत घर डोक्यावर घ्यायची. तिचं दूध, तिचं तेल, ओव्याची धुरी, सगळं त्या गोधडीत जिरत गेलं. वर टाकलेलं फडकं धुवायला काढायचो, गोधडी मात्र सासूबाई घडीभर उन्हात धरून लगेच परत घालायच्या, तेवढं त्यांच्या रीतीत चालायचं. पाणी लावायची सोय नव्हती.

दिवाळी झाली आणि ऋषिकेशचा फोन आला. थंडीची नवी जॅकेटं आली होती. वजनाला निम्मी, ऊब दुप्पट, वारा आत शिरत नाही. तो लहान पोरासारखा सांगत होता. पण नियम एकच, जुना कोट जमा करा आणि नवा घ्या. त्याच्याच कंपनीतला पियुष इथे नागपुरातच, सक्करदऱ्याला घरी सुट्टीवर आला होता, तो परत जाताना कोट नेणार होता. कोट जाणार म्हणून मला वाईट वाटत होतं, हे मी मान्य करते. पण त्याला थंडीत ठेवून मी कोट कवटाळून बसणार होते थोडीच. मी हो म्हटलं आणि सहज सांगितलं की अस्तर मात्र भैरवीच्या गोधडीत गेलंय.

त्याने दोनदा विचारलं, सगळं अस्तर? मी म्हटलं, सगळं. मग म्हणाला, “काही नाही होत. अस्तर नसलं तरी चालते. तू नुसता कोट देजो पियुषजवळ.”

निघायच्या दिवशी सकाळी पियुष आला. चहा घेताना त्याने कोट उलगडला, आत हात घातला आणि कप खाली ठेवला. अस्तर कुठे आहे म्हणून विचारलं. मी सांगितलं, आणि हेही सांगितलं की ऋषिकेशला माहीत आहे, तो चालेल म्हणाला.

“वहिनी, त्यानं तुमाले खोटं सांगतलं,” पियुष म्हणाला. “फाटकं चालते. अर्धं नाही चालत.”

मग त्याने हळूहळू बाकीचं सांगितलं. कंपनी लवकरच पुन्हा वर जाणार होती. बाकीच्यांनी कोट जमा करून जॅकेटं घेतली होती. ऋषिकेश दोन स्वेटरांवर कुणाची तरी जुनी बंडी चढवून पहाऱ्याला उभा राहत होता आणि विचारलं की म्हणायचा, मला गरम होतं. कोट हरवला असं लिहून द्यायचा दुसरा मार्ग होता, पण त्यात चौकशी आली, वेळ गेला असता, आणि तोवर कंपनी वर पोचली असती. पियुषची गाडी दुपारी होती. तो जेवायला घरी जाऊन परत येतो म्हणाला.

मी पाळण्याजवळ गेले. भैरवी झोपेत होती. तिला उचलून खांद्यावर घेतलं आणि गोधडी ओढली, तर दुसरं टोक सासूबाईंनी धरलं.

मला असा राग आला म्हणता. तुमचा मुलगा तिकडे कुडकुडतो आहे आणि तुम्हाला रीत सुचते, असं मी तोंडावर म्हटलं. आजवर त्यांना इतकं उलट मी बोलले नव्हते. त्या रागावतील, रडतील, माझ्या माहेरचा उद्धार करतील, अशी माझी तयारी होती. त्यांनी टोक सोडलं नाही, पण आवाजही चढवला नाही.

“त्याले थंडी वाजून राहिली, हे मले समजत नाही का वं?” त्या म्हणाल्या. “पण बापाच्या हाताशिवाय हे काढलं, आन् तो आलाच नाही तं?”

मी ओढणं थांबवलं. कारण हेच मलाही वाटत होतं. मी शिकलेली, मनीषनगरच्या शाळेच्या ऑफिसात नोकरी करणारी बाई, मी त्यांच्या रीतीची टिंगल केली होती, आणि तरी इतके महिने एकदाही ती गोधडी मी स्वतः उचलली नव्हती. धुरी द्यायची असली की सासूबाईंना हाक मारायचे. म्हटलं ना, धीराची बाई.

आम्ही दोघी गोधडीची दोन टोकं धरून उभ्या राहिलो. भैरवी माझ्या खांद्यावर चुळबुळली. शेवटी मी तिला सासूबाईंच्या बाजेवर ठेवलं, शिवणाच्या डब्यातली कात्री घेतली आणि पहिला टाका शोधायला लागले. तो सापडेना. डोळ्यांत पाणी आल्यामुळे दोरा दिसत नव्हता.

सासूबाईंनी माझ्या हातातून कात्री काढून घेतली. “बाजूले सर. तू नको उसवू. वाईट झालंच तं माह्या हातून झालेलं राहू दे.”

त्या खाली बसल्या आणि त्यांनी उसवायला सुरुवात केली. मनाशी काहीतरी पुटपुटत होत्या, देवाशी भांडत असाव्यात. मी त्यांच्यासमोर बसून सुटलेले दोरे वेचत राहिले. अस्तराचे दोन्ही तुकडे मोकळे झाले तेव्हा त्यांनी मशीनवरचं झाकण काढलं आणि मधोमध शिलाई मारली. दुहेरी मारली, म्हणाल्या सरकारचं आहे, नाव ठेवायला नको. मग त्यांनी ते उजेडात धरलं आणि कपाळावर हात मारला. दुधाचे डाग, तेलाचे डाग, आणि पोरीने केलेले इतर प्रताप. हे असं फौजेत जाणार आणि चार माणसं बघणार. धुऊन वाळवायला वेळच नव्हता, पियुष फाटकाशी उभा होता. सासूबाईंनी डाग आतल्या बाजूला जातील अशी घडी घातली आणि पियुषला तीनदा सांगितलं की आमच्या घरी कपडे असे मळके राहत नाहीत.

तो गेल्यावर खुंटी मोकळी झाली. भैरवी तीन दिवस रडली. चौथ्या दिवशी ती चादरीवर झोपली, आणि तिला झोपलेलं बघून मीच रडले. पोर विसरलं होतं. बापाचं म्हणून तिच्याजवळ जे होतं ते तिने तीन दिवसांत विसरून टाकलं, आणि तिचा दोष तरी काय? सासूबाई रोज देवासमोर नेहमीपेक्षा जास्त वेळ बसत. फोन लागत नव्हता. लागत नाही म्हणजे कंपनी निघाली असेल, असं मी म्हणायचे. त्या मान डोलवायच्या.

आठवडा उलटल्यावर एका सकाळी व्हिडिओ कॉल आला, वर चढायच्या आधीच्या मुक्कामावरून. सासूबाई फोडणी टाकत होत्या, तशाच झारा हातात घेऊन धावत आल्या. पडद्यावर ऋषिकेश होता, गालांची कातडी सोललेली, आणि अंगावर नवं जॅकेट. गळ्यापर्यंत चेन. सासूबाईंनी झारा कपाळाला लावला आणि पहिला प्रश्न विचारला, जमा झालं का.

झालं, तो म्हणाला. अगदी शेवटच्या दिवशी. मी चिडलेच. पियुष वेळेत पोचला असताना शेवटच्या दिवशी काहून, म्हणून विचारलं. तो इकडेतिकडे बघायला लागला, जवळ कुणी आहे का ते पाहिलं असावं.

“आई, तुनं ते धुवून नाही पाठवलं,” तो म्हणाला.

सासूबाई शरमेने अर्ध्या झाल्या. वेळ नव्हता, गाडी होती, पियुषला सांगितलं होतं, असं सगळं एका दमात बोलल्या.

“बरं केलं वं,” तो म्हणाला. “रोज वाटे, आज जमा करतो. आन् रोज परत डोक्याखाली घेऊन झोपलो. दुधाचा वास येत होता त्याले. ओव्याचा. मले माह्या पोरीचा वास कसा आहे, माहीतच नव्हतं ना.”

सासूबाई झारा घेऊन आत गेल्या. फोडणी जळत होती, पण त्या तिथे जाऊन नुसत्या उभ्या राहिल्या, मला दारातून दिसत होतं.

मी भैरवीला पडद्यासमोर धरलं. ती त्याच्या चेनकडे बघत होती. मी विचारलं, जॅकेट कसं आहे.

“चांगलं आहे. लय गरम आहे. हलकं आहे,” तो म्हणाला. या खेपेला त्याने एकही तक्रार केली नाही. मग त्याने कॉलरमध्ये नाक घातलं आणि बाहेर काढलं. “पण त्याले कोणाचाच वास नाही.”

मी नेहमी काहीतरी चावट बोलून वेळ मारून नेते. या वेळी नेली नाही.

“तेच घालून या,” मी म्हटलं. “आन् जातानी घेऊनही जा. मले तुमचा कोट नाही पाहिजे आता. तुम्ही पाहिजे.”

तो नुसता “हाव” म्हणाला. भैरवीने पडद्यावर हात आपटला, तो त्याच्या तोंडावर पडला, आणि त्याने तिकडे डोळे मिटून घेतले. मी तिचा हात तिथून काढला नाही.