बरणीच्या तोंडावरचं मीठ

भावनाताईंच्या मसाल्याचा नमुना नापास झाला. लेबलवर ‘मीठ नाही’ आणि अहवालात भरपूर मीठ. दुबईच्या खरेदीदाराने कळवलं, दुसरा नमुना लगेच द्या, नाहीतर ऑर्डर रद्द.

मी ठाण्यात जिल्ह्याच्या निर्यात आराखड्यावर काम करते. दिवा गावातला भावनाताईंचा बचत गट त्यात मीच घातलेला. आमच्या उत्तरा मॅडम म्हणाल्या, “हेमांगी, बाकी सगळे कारखानदार आहेत. निर्यात वाढेल गं, पण दिव्यातल्या बाईच्या घरात काय वाढेल? म्हणून हा गट हवा. पण नमुना पुन्हा नापास झाला, तर बैठकीत मला आराखड्यातलं बचत गटांचं कलमच काढायला लावतील.”

रसायनशास्त्र शिकल्यामुळे आधी मला यंत्राचा संशय आला. मग भेसळीचा. दिव्याला गेले.

“आम्ही मीठ घालतच नाही, देवाशप्पथ!” भावनाताई वैतागल्या. “कुटताना मी स्वतः उभी असते.”

“नमुना कुठून काढलात?”

“बरणीत वरूनच. वरचा रंग मस्त असतो ना.”

मी बरणी उघडायला सांगितली. फडक्याखाली, मसाल्यावर, जाड मिठाचा थर.

“मग हे काय?”

“ते थोडीच घातलेलं मीठ! ते झाकण आहे.”

कोपऱ्यात मिरच्यांचे देठ काढत बसलेल्या त्यांच्या सासूबाई, गोदाआजी, म्हणाल्या, “मीठ नाय टाकला तं किडं व्हतील. आमी मिठागरावरच्या बाया. बरणी अशीच बंद करतो.”

“काढून टाकू का सगळं?” भावनाताईंनी हळूच विचारलं.

“नको. मसाला टिकायला हवाच. मोजून, सगळीकडे सारखं मिसळा आणि लेबलवर लिहा. नमुना वरून, मधून, तळातून घ्या. खरेदीदाराशी मी बोलते.”

खरेदीदाराची मिठाबद्दल तक्रार नव्हतीच, न लिहिण्याबद्दल होती. दुसरा नमुना पास झाला, ऑर्डर पक्की झाली.

बैठकीत एक कारखानदार हसले. “यांना नमुना काढता येत नाही, आणि निर्यात?”

“तुम्हालाही कुणीतरी शिकवलंच असेल की,” मॅडम म्हणाल्या. कलम राहिलं. त्यात भर पडली: अर्जाआधी गटांना नमुना काढायला शिकवायचं आणि पहिली तपासणी सरकारी खर्चाने करायची.

मी लगेच दिव्याला फोन लावला. भावनाताईंच्या हातून तो गोदाआजींनी घेतला.

“म्हंजे आमचा मीठ पन दुबईला चालला?”

“हो आजी. लेबलवर नाव आहे त्याचं.”

“ऐकलंस गो भावना? आन तू म्हनायचीस, म्हातारी मूठभर मीठ फुकट घालवते!”