नऊ फुटांची कमान

तुंगानं लाल पेन्सिलीनं नकाशावर बाण काढला, तो सरळ मैसूरच्या नजरबादेतल्या गल्लीत नेला आणि गल्लीत दाखवलेली कमान खोडरबरानं पुसून टाकली. कागदावर मळकट डाग राहिला. तिनं फुंकर मारून पुन्हा घासलं. आता तिथं नुसता रस्ता दिसत होता.

बाहेर प्राणेश, तिचा नवरा, सात नंबरच्या जागेवरच्या पांढऱ्या कॅरव्हॅनला बांबू लावून उंची मोजत होता. बँकेतून निवृत्त झाल्यापासून हे त्याचं लाडकं काम. बांबूवर त्यानं स्वतःच्या हातानं फूट आणि इंच रंगवले होते. पाहुण्यानं फॉर्मवर उंची काहीही लिहिलेली असो, बांबू लावल्याशिवाय त्याचा विश्वास बसत नसे.

"दहा फूट दोन इंच गं," तो खिडकीशी येऊन म्हणाला. "टपावर एसीचा डबा बसवलाय की. लिहून घे. नजरबादकडनं पाठवू नको हं त्यांना. अण्णांचं कपाट आणताना टेम्पो अडकलेला, आठवतं ना?"

"आठवतं," तुंगा म्हणाली आणि नकाशाच्या कोपऱ्यात नीट अक्षरात लिहिलं, उंची दहा फूट दोन इंच.

तिला चांगलंच आठवत होतं. कमान नऊ फुटांची. वळण संपतं तिथंच ती उभी, त्यामुळे समोर दिसेपर्यंत गाडी तिच्याखाली गेलेली असते. मागे घ्यावी तर गल्ली अरुंद. टेम्पो अडकला त्या दिवशी अर्धं नजरबाद जमलं होतं आणि ड्रायव्हर बिचारा रडकुंडीला आला तरी लोकांचं हसणं थांबत नव्हतं. तुंगाला आज तेच हवं होतं. गाडीचं नुकसान होवो न होवो, तिचं त्याकडे फारसं लक्ष नव्हतं. त्या कॅरव्हॅनचा मालक त्र्यंबक ओगले गाडीतून खाली उतरावा, त्यानं टपाकडे बघावं आणि चारी बाजूंनी माणसं त्याला हसावीत, एवढी तिची इच्छा होती. आणि तेही त्याच गल्लीत, जिथं तो एकदा हसून गेला होता.

गावाबाहेर बोगादीला तिच्या वडिलांनी, अण्णांनी, घेऊन ठेवलेल्या नारळाच्या बागेत तिनं आणि प्राणेशनं बारा गाड्यांची सोय केली होती. प्रत्येक जागेला विजेचा खांब, पाण्याचा नळ आणि सांडपाणी सोडायला झाकणाचा खड्डा. फाटकावरच्या पाटीवर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं की इथून राजवाडा पंचवीस मिनिटांवर आणि बस फाटकासमोर. बहुतेक पाहुणे गाडी इथंच ठेवून बसनं गावात जात. पण त्र्यंबकला आणि त्याच्या बायकोला राजवाडा बघून परस्पर नंजनगूडला जायचं होतं, म्हणून गाडी बरोबर न्यायची होती. "आम्हाला फक्त चांगला नकाशा द्या," असं त्र्यंबकनंच काल सांगितलं होतं. माणूस आपल्या पायानं चालत आला होता, त्याला ती काय करणार!

तीन आठवड्यांपूर्वी बुकिंगमध्ये नाव वाचलं तेव्हा तिला वाटलं, पुण्यात ओगले काय कमी असतील? काल संध्याकाळी तो गाडीतून उतरला, तेव्हाही खात्री नव्हती. केस गेलेले, पोट सुटलेलं. मग प्राणेशचा बांबू बघून तो हसला. आधी नाकातून, मग मोठ्यानं. तीस वर्षांत त्या हसण्याचा एक केससुद्धा पांढरा झाला नव्हता. त्यानं मात्र तिला ओळखलं नाही. कशाला ओळखेल? अशा किती घरांतले पोहे त्यानं खाल्ले असतील.

त्या दिवशी तिला बघायला पुण्याहून आठ माणसं नजरबादच्या घरी आली होती. तुंगा चोवीस वर्षांची. भुजंगराव, म्हणजे तिचे अण्णा, सकाळपासून धोतराच्या निऱ्या सारख्या करत होते. सहा पिढ्या मैसूरला काढून त्यांच्या घरानं मराठी टिकवली होती. दासवाळाला जास्वंद म्हणायचं विसरले असतील, पण संध्याकाळी देवापुढे बसून ते तुंगाकडून मोठ्यानं मराठी वाचून घेत. तुंगा पोह्यांचं भांडं घेऊन बाहेर आली, मुलाच्या बशीत वाढलं आणि घरात रोज विचारायची तसंच विचारलं, "साकु का? की आणि घालू?"

मुलगा हसला. आधी नाकातून, मग मोठ्यानं. मग त्याची आई हसली, मावशी हसली, "साकू म्हणजे काय गं, चाकू?" असं कुणीतरी म्हणालं आणि खोलीभर हशा झाला. साकु म्हणजे पुरे. कन्नड शब्द, पण त्यांच्या घरात तो इतका मुरला होता की तो परका आहे हेच कुणाच्या ध्यानात नव्हतं. शेवटी पाहुण्यांचा मान राखायचा म्हणून अण्णाही हसले.

आठ दिवसांनी पत्र आलं. मुलगी गुणी आहे, पण पुढे आमच्या मुलाबाळांच्या कानांवर घरात कुठली भाषा पडेल याचा विचार करावा लागतो. नकार आल्याचं तुंगाला कधीच काही वाटलं नाही. त्यापेक्षा प्राणेश शंभर पटींनी बरा मिळाला. पण अण्णांनी ते पत्र वाचलं, घडी घातली आणि त्या दिवसापासून ते मराठी बोलले नाहीत. शेजाऱ्यांशी कन्नड, देवाशी कन्नड, लेकीशी कन्नड. "तुंगे" अशी हाक मारायचे ते "मगळे", म्हणजे मुली, म्हणू लागले. अकरा वर्षांनी दवाखान्यात शेवटचं पाणी मागितलं तेही कन्नडमध्ये. हे ती विसरणार होती होय?

नऊच्या सुमाराला दोघं नाश्त्याला आली. तुंगानं मुद्दाम पोहे केले होते, वर खोबरं आणि कोथिंबीर. त्र्यंबकची बायको कांचन गोल चेहऱ्याची, मोकळ्या स्वभावाची बाई होती. पहिला घास घेऊन तिनं मान डोलावली.

"अगदी घरच्यासारखे झालेत हो!"

"आपल्याला रुचले, आनंद झाला," तुंगा म्हणाली. "संकोच न करता सावकाश घ्या."

अशी वाक्यं तिनं तीस वर्षं घासूनपुसून ठेवली होती. बातम्या ऐकून, पुस्तकं वाचून, एकेक कन्नड शब्द तांदळातल्या खड्यासारखा वेचून बाहेर टाकला होता.

"तुमचं मराठी किती शुद्ध आहे!" त्र्यंबक म्हणाला. "पुण्यातसुद्धा हल्ली असं ऐकायला मिळत नाही. तुम्ही मूळच्या तिकडच्याच का?"

हे वाक्य ऐकायला ती किती तरी वर्षं थांबली होती. ते ऐकताना छाती भरून येईल असं तिला वाटायचं. पण आठवले ते अण्णा. अण्णांना ही मराठी ऐकवली असती तर त्यांनी चष्मा वर करून विचारलं असतं, ही कुणाची मुलगी म्हणून.

"नाही. आम्ही इथलेच," ती म्हणाली आणि नकाशा त्याच्यापुढे ठेवला. "हा आपला मार्ग. लाल बाणाने जावे."

त्यानं चष्मा लावून नकाशा पाहिला. तुंगा कॉफी घेऊन आली. त्यानं नकाशावरची नजर न काढता पेला पुढे धरला.

"नजरबाद," तो वाचून हसला. हे हसणं नाकातच राहिलं. "इथं एकदा आलो होतो मी, लग्नाच्या आधी. वेगळीच माणसं होती ती."

तुंगा कॉफी ओतत होती. वेगळीच माणसं! पेला भरला. तिचं लक्ष त्याच्या ओठांवरच्या त्या हसण्याकडे होतं. पेल्याच्या काठावर फेस आला. हात थांबवायला हवा हे तिला कळत होतं आणि हात थांबत नव्हता. कढत कॉफी काठावरून त्याच्या बोटांवर आली, मनगटावरून नकाशावर गळली.

"अहो साकू! साकू, साकू!" कांचन ओरडली.

तुंगाचा हात थांबला.

त्र्यंबकनं पेला कसाबसा टेबलावर ठेवला होता. कांचननं तांब्यातलं पाणी त्याच्या लाल झालेल्या बोटांवर ओतलं. तुंगा भांडं घेऊन तशीच उभी. बाई घाबरून ओरडली होती. घाबरलेल्या माणसाच्या तोंडी थट्टेतला शब्द येत नाही. तोंडात रुळलेलाच येतो.

"काय म्हणालात तुम्ही?" तिनं विचारलं.

"अं? काही नाही हो, आमच्या घरातला शब्द आहे. साकू म्हणजे पुरे." कांचन ओशाळून हसली. "यांच्यामुळे लागलाय सगळ्यांना. लग्न झाल्यापासून हे पानावर तेच म्हणायचे. सासूबाई इतक्या चिडायच्या, पण यांनी काही सोडला नाही. आमची गुंजन तर आई, बाबा म्हणायच्या आधी साकू म्हणाली. यांच्या कोकणातल्या आजीचा शब्द आहे."

"कोकणातला नाही तो," तुंगा म्हणाली. "नजरबादचा."

त्र्यंबकनं मान वर केली. चष्म्यावर कॉफीच्या वाफेचा थर होता. त्यानं तो काढला आणि तिच्याकडे काल संध्याकाळपासून पहिल्यांदाच नीट पाहिलं. मग टेबलावरच्या पोह्यांकडे पाहिलं. त्याचा चेहरा उतरत गेला.

"आमच्या अण्णांचा शब्द आहे तो," तुंगा सांगू लागली, आणि तीस वर्षं घासलेली मराठी कुठल्या कुठे गेली. "तुम्ही लोक हसून गेलात. मागनं पत्र पाठवलात. त्यानंतर अण्णा अकरा वर्षं मराठी बोललेच नाहीत बघा. आम्हांला लाज वाटते म्हणून सुद्धा सांगितले नाहीत, सुम्ने, गपचूप सोडून दिले. मला तुंगे म्हणायचे, ते पण गेलं. आमच्या घरनं गेलेला शब्द तुमच्या घरी राहिला, आणि तुम्ही आजीचा म्हणून सांगितलात होय?"

कांचननं नवऱ्याकडे पाहिलं. फाटकापाशी बांबू पुसत बसलेला प्राणेश उठून उभा राहिला, पण तिथंच थांबला. बायकोच्या तोंडून अण्णांच्या घरची बोली त्यानंही किती तरी वर्षांनी ऐकली होती.

तुंगानं टेबलावरचा भिजलेला नकाशा उचलला. लाल बाणाचा रंग पसरून गल्लीभर झाला होता.

"हा रस्ता चुकीचा आहे," ती म्हणाली. "इथं कमान आहे, नऊ फुटांची. गाडी अडकली असती तुमची."

"अगंबाई!" कांचन म्हणाली. "चुकून राहिली का काढायची?"

"नाही. मुद्दाम पुसली."

नारळाच्या झावळीवरून खार पळाली. तुंगानं नकाशाचे दोन तुकडे केले, चार केले आणि पोह्यांच्या रिकाम्या बशीत ठेवले.

"गाडी इथंच राहू दे. बस समोरनं मिळते, राजवाडा बघून दुपारी परत या. मग नंजनगूडला रिंग रोडनं जावा. हे दाखवतील रस्ता," तिनं प्राणेशकडे बोट केलं. मग आत जाऊन भाजल्यावर लावायचं मलम आणलं आणि कांचनच्या हातात दिलं. त्र्यंबककडे बघायचं नाही असं तिनं ठरवलं होतं.

ती वळली तेव्हा त्र्यंबक उभा राहिला होता. भाजलेला हात त्यानं छातीशी धरला होता.

"तुंगाताई," तो म्हणाला. नाव आता लक्षात आलं त्याच्या! "मी तेव्हा हसलो, ते खरं म्हणजे..."

तुंगानं तळहात वर केला, जसा पंगतीत पानावर आडवा धरतात तसा.

"साकु," ती म्हणाली.

या वेळी कुणी हसलं नाही.