तालाचं बटण शून्यावर ठेवा

मी पखवाज बोलतोय. अंग फणसाच्या लाकडाचं, दोन्ही तोंडांना चामडं. दिवेआगरच्या आमच्या भजनी मंडळात सगळ्यात जुना मीच. मला दत्तात्रेय वाजवतो. दुसऱ्याचा हात मला खपत नाही.

वाजवण्याआधी माझ्या डाव्या तोंडाला ओली कणीक थापतात. तिच्याशिवाय मला घुमारा नाही. आवाज लहानमोठा करायला मला बटण नाही. वाजवणाऱ्याच्या पंजात असेल तेवढा आवाज.

यंदा मंडळातल्या प्रीतमने कीबोर्ड आणला. त्याला चेनची नवी पिशवी, मला गुंडाळायला जुनं धोतर. सूर त्याच्यात, तालही त्याच्यातच भरलेला. मग माझं काय काम?

दत्तात्रेयाचा मुलगा दीपेश म्हणाला, "बाबा, गणपतीचं भजन याच्यावर निभावलं तर पखवाज माझ्या होमस्टेच्या भिंतीवर लावतो. पावणे फोटो काढतील."

दत्तात्रेय मला धोतरात गुंडाळत राहिला. ते मला लागलं.

गणपतीत मैनाकाकींच्या ओटीवर भजन बसलं. मला खुंटीवर टांगलं. आमच्या रामचंद्रबुवांनी गायला तोंड उघडलं आणि कीबोर्डचा ताल असा धडाडला की बुवांचे नुसते ओठ हलताना दिसले.

"बारीक कर रं प्रीतम!" मैनाकाकी ओरडल्या. "गणपती उठून जाईल!"

प्रीतमने मोठं बटण फिरवलं. तालाबरोबर सूरही गेला.

"आता कुणाला धरून गाऊ? तुला?" बुवा म्हणाले.

प्रीतमने पुन्हा वाढवलं. पुन्हा ताल बोकांडी बसला. मला बरं वाटत होतं, लपवत नाही.

मग प्रीतमची बहीण कल्पिता पुढे आली. "दादा, ते सगळ्याचं बटण हाय. तालाचं येगळं हाय, हे बघ." तिने फक्त ताल उतरवला. सूर राहिला, बुवा ऐकू आले, माणसं डोलायला लागली. मला दीपेशची भिंत दिसायला लागली.

पण गजर आला. गजरात बुवा लय चढवतात, सांगून चढवत नाहीत. दत्तात्रेय त्यांच्या मानेकडे बघतो, मला कळतं. कीबोर्डला मान कुठली दिसणार? बुवा पुढे गेले, ताल मागेच राहिला, झांजा मधेच लटकल्या. बुवांनी गजर थांबवला.

"दत्तू, उतरव त्याला."

दत्तात्रेयाने मला उतरवलं. "कणीक आण!" दीपेश धावत गोळा घेऊन आला. दत्तात्रेयाने तो थापला, तो घसरून मांडीवर पडला.

"अरे, ही उकड! पखवाजाचे मोदक करतोस?"

ओटी हसली. मैनाकाकींनी गव्हाचं पीठ भिजवून दिलं. प्रीतमने मुकाट्याने तालाचं बटण शून्यावर नेलं. मग बुवा चढले आणि मी त्यांच्याबरोबर चढलो.

भजन संपल्यावर बुवा कीबोर्डवर हात ठेवून म्हणाले, "सूर गोड हाय हो याचा." माझ्याकडे बघितलंही नाही.

आता मी दत्तात्रेयाच्या खुंटीवर आहे, दीपेशच्या भिंतीवर नाही. कीबोर्ड प्रीतमकडे पिशवीत असतो. सूर त्याने धरावा, माझी हरकत नाही. पण त्याला बाहेर काढाल तेव्हा आधी तालाचं बटण शून्यावर न्या. आणि मला कणीक गव्हाचीच लावा.