सव्वीस तारखेला परत लागेल

कोणी दुसऱ्याच्या बंगल्यावर जळतं, कोणी गाडीवर. हिंदुराव जळायचा तो दुसऱ्याच्या खऱ्या ठरलेल्या शब्दावर. आपल्याआधी कोणी खरं बोललं, की त्याच्या पोटात मिरची पडायची. मग ते खरं खोटं पाडायला तो जीव टाकायचा.

काळेवाडीत 'जुना पडदा प्रेमी मंडळ' नावाचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप होता. एकतीस माणसं. निम्मी रिटायर, निम्मी अजून कंपनीत राबणारी. 'जुना पडदा' म्हणजे टीव्हीवरचं चॅनेल, जुने मराठी पिक्चर लावणारं. त्यातला रोज साडेचारचा काळा-पांढरा पिक्चर म्हणजे या मंडळींचा जीव की प्राण. पहिली शिफ्ट साडेतीनला सुटायची, बस सव्वाचारला फाट्यावर सोडायची. हातपाय धुवून चहाचा कप हातात येईतो पडद्यावर पाट्या सुरू झालेल्या असायच्या.

या मंडळाचा मुकादम हिंदुराव. ते पद त्यानं रजिस्टरच्या जोरावर कमावलं होतं. चिंचवडची त्याची कंपनी बंद पडली तेव्हा लोकांनी तिथून पंखे उचलले, खुर्च्या उचलल्या. यानं टूलरूममधलं एक कोरं प्रॉडक्शन रजिस्टर उचललं. त्यातले रकाने कंपनीचेच. पार्टच्या रकान्यात पिक्चरचं नाव, तारखेच्या रकान्यात तारीख, आणि रिजेक्शनच्या रकान्यात चॅनेलनं कापलेली गाणी. सात वर्षांत एक दिवस खाडा नाही. कुठला पिक्चर किती दिवसांनी परत येतो याचं गणित त्यानं बसवलं होतं. दर रविवारी सकाळी फाट्यावरच्या टपरीवर तो पुढच्या आठवड्याचा अंदाज वाचून दाखवायचा, आणि दहातले आठ खरे निघायचे. घरी बायको, शालनबाई, शेजारणींना सांगायची, "आमच्यांना विचारा, त्यांना समदं ठाऊक असतं." त्या एका वाक्यावर गडी आठवडा काढायचा.

आणि मग, आठ महिन्यांपूर्वी, उद्धवराव आला.

उद्धवराव लातूरकडचा. राहायला कासारवाडीत, कामाला चाकणच्या एका कंपनीत, डिस्पॅचला, तयार माल गाडीत भरून पाठवायला. भीमराजनं त्याला ग्रुपात आणलं. भीमराज म्हणजे हिंदुरावाचा जुन्या कंपनीतला सोबती. हा उद्धवराव टाइप करत नसे, बोलून पाठवायचा. आवाज असा, की ऐकणाऱ्याला वाटावं, माणूस शेजारी मांडी घालून बसलाय. शालनबाईही ग्रुपात होती; पिक्चर संपला रे संपला की त्याचा निरोप यायचा, आणि स्वयंपाकघरातून तिचं हसू यायचं.

"काय म्हणतोय तो?" हिंदुराव बाहेरून विचारायचा.

"काही न्हाई. त्या सावकाराच्या मिशीवर बोलला. लई गोड बोलतो बाई माणूस."

छत्तीस वर्षांच्या संसारात हिंदुरावाच्या बोलण्याला कोणी गोड म्हटलं नव्हतं. त्या दिवशी त्यानं चहात साखर कमी आहे म्हणून कप आपटला. साखर बरोबर होती.

जुलैच्या नऊ तारखेला रजिस्टर भरताना हिंदुरावाचा हात थबकला. त्यानं मागची पानं चाळली, पुन्हा चाळली. चार महिन्यांत एकही नवं नाव आलं नव्हतं. जो पिक्चर चाळीस दिवसांनी फिरून यायचा तो पंधराव्या दिवशीच आला होता, आणि तसे दोन. त्यानं शेऱ्याच्या रकान्यात पेन्सिलीनं बारीक अक्षरात लिहिलं : लक्षण बरं नाही. साडेचारचा स्लॉट जाणार बहुतेक. रविवारी टपरीवर हा बॉम्ब टाकायचा, सगळ्यांची तोंडं बघायची, असं त्यानं मनाशी ठरवलं. तोवर शालनबाईलाही सांगितलं नाही. बाईच्या पोटात गोष्ट राहत नाही, असं त्याचं मत. आपल्या पोटात काय काय राहतं, याचा हिशोब तो करत नसे.

रविवारी टपरीवर दहा-बारा जण जमले. चॅनेलवर दोन दिवसांपासून जाहिरात चालू होती : सोमवारपासून 'सुवर्ण सप्ताह', रोज एकाऐवजी दोन काळे-पांढरे पिक्चर, तेही निवडक. मंडळी खुशीत होती. हिंदुरावानं चष्मा लावला, रजिस्टर मांडीवर उघडलं, घसा साफ केला. तेवढ्यात उद्धवराव बोलला.

"मी एक सांगलालो, राग मानू नका. हे चॅनेल बदलायलंय. एक तारखेपासून साडेचारचा पिक्चर बंद."

टपरीवर कालवा झाला. कोणी म्हणालं, काय अभद्र बोलता राव. कोणी म्हणालं, अहो, एकाचे दोन पिक्चर दिलेत की त्यांनी! भीमराज तेवढा गप्प होता.

"तेच तर," उद्धवराव म्हणाला. "आमच्याकडं मॉडेल बंद करायचं असलं ना, की आधी दीड महिना दणकून ओव्हरटाइम देतेत. रात्रंदिवस माल काढतेत, गोडाऊन भरतेत. गडी खूश, कंपनी जोरात म्हणून पेढे वाटतो. अन् एक दिवस लाइनच उचलून नेतेत. हा सप्ताह म्हणजे तसला ओव्हरटाइम आहे, भाऊ. अन् मधल्या जाहिराती बघा. बाहेरची एक तरी आहे का? सगळ्या त्यांच्याच."

हिंदुरावाच्या मांडीवर उघडं रजिस्टर होतं. नऊ तारखेची पेन्सिलीची ओळ तिथंच, त्याच्या अंगठ्याखाली. एवढंच म्हणायचं होतं, 'बरोबर, माझंही हेच म्हणणं आहे, हे बघा.' सात शब्द. पण उद्धवराव आधी बोलला होता. आता म्हटलं असतं तर हिंदुराव उद्धवरावाचा साक्षीदार ठरला असता, आणि साक्षीदाराला टपरीवर कोण विचारतं?

त्यानं रजिस्टर फाडकन मिटलं.

"उद्धवराव, चार दिवस झाले तुम्हाला येऊन. डिस्पॅचवाल्याला गाडीचा नंबर कळतो, गाडीत काय आहे ते कळत नाही. सात वर्षांचं रेकॉर्ड आहे माझ्याकडं. एक तारखेलाच काय, दिवाळीलाही साडेचारला काळा-पांढराच लागंल."

"लागू द्या की. तुमच्या तोंडात साखर पडो," उद्धवराव हसला. "पण मी म्हणतो, या सात दिवसांत समदे एकत्र बसू. आमच्या सोसायटीचा हॉल आहे, मोठा टीव्ही आहे. बायामाणसांना आणा. गेलं तर गेलं, निरोप तरी नीट देऊ."

"वा!" दोघं-तिघं एकदम म्हणाले.

"माणूस जिता आहे आणि तुम्ही तेराव्याचं जेवण ठरवताय?" हिंदुराव ओरडला. "कुणी जायचं नाही. मी सांगतो ना!"

सात वर्षांचं रजिस्टर ते, आठ महिन्यांच्या आवाजापुढं जडच भरलं. हॉलचा बेत मोडला. कोपऱ्यात मारुतराव, शालनबाईचा धाकटा भाऊ, चहात बघत बसला होता. त्यानं मान वर केली नाही.

मारुतराव का बघत नव्हता, हे हिंदुरावाला पक्कं ठाऊक होतं. घरी जाताना ते त्याच्या मागं मागं चालत आलं.

अकरा वर्षांपूर्वी जुन्या कंपनीत असाच ओव्हरटाइम सुरू झाला होता. तेव्हा भीमराज म्हणाला होता, लाइन बंद होणार, चाकणला भरती चालू आहे, निघा. हिंदुराव टूलरूमला. तीन महिने एकही डाय, म्हणजे पत्रा कापायचा साचा, धार लावायला आली नव्हती, हे त्याच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. बोथट डायवर माल काढतात म्हणजे त्या डायला उद्या नाही, हे शेंबडं पोर सांगेल. पण भीमराज आधी बोलला. मग हिंदुरावानं गेटवर उभं राहून सांगितलं, कंपनी जोरात आहे, भीमराज भित्रा आहे. भीमराज गेला, चाकणला लागला. मारुतराव दाजींचा शब्द धरून थांबला. कंपनीला कुलूप लागल्यावर दोन वर्षं दुसऱ्याच्या गेटवर शिट्टी वाजवत बसला. हिंदुराव सगळ्यांना सांगत आला : मला तरी काय ठाऊक, मालकानं आपल्या सगळ्यांनाच फसवलं.

सप्ताहातल्या गुरुवारी होडीवाल्याचा पिक्चर होता. शालनबाईचा जीव त्यात अडकलेला. लग्न होऊन महिना झाला होता तेव्हा गावच्या जत्रेत, तंबूत, दोघांनी तो बघितला होता. बाया दोरीच्या इकडं, बाप्ये दोरीच्या तिकडं. होडीवाला पुरात अडकतो आणि त्याची बायको काठावर कंदील धरून उभी राहते, तिथं तिनं दोरीपलीकडं पाहिलं होतं. हिंदुराव पडद्याकडं नाही, तिच्याकडं बघत होता. सात वर्षांत तो पिक्चर जेव्हा जेव्हा लागला तेव्हा त्या जागेला ती म्हणायची, "आता बघा की पडद्याकडं," आणि तो ओशाळा हसायचा. त्या दोघांत एवढंच काय ते नाजूक उरलं होतं.

आणि नेमकं त्याच गुरुवारी मारुतरावाच्या नातवाचं बारसं, चिखलीला, पाचच्या सुमाराला.

"पिक्चर बघून सातला गेले तर?" शालनबाई दुपारी म्हणाली. "पाळण्याला नसले तरी जेवायला असेन. मारुतीला कळंल. उद्धवभावजींचा निरोप आलाय बघा, 'वहिनी, हा चुकवू नका, हा शेवटचा.'"

भावजी! हिंदुरावाच्या कानशिलापर्यंत कढ गेला. त्यानं रजिस्टर आणलं, बोट फिरवलं, तिच्यापुढं धरलं.

"हे बघ. चाळीस दिवसांची पाळी आहे याची. एकतीसचा महिना. सव्वीस तारखेला परत लागेल. सख्ख्या भावाच्या घरचं बारसं सोडून कुणाच्या तरी सांगण्यावरनं टीव्हीपुढं बसणार तू?"

"लागेल ना पण नक्की?"

"मी सांगतोय."

ती गेली. हिरवं लुगडं नेसली, बाळाचं टोपडं पिशवीत टाकलं आणि रिक्षात बसली. साडेचारला हिंदुरावानं एकट्यानं पिक्चर लावला. कंदिलाची जागा आली तेव्हा त्यानं सवयीनं डावीकडं बघितलं. खाटेवर तिची चादर घडी घातलेली होती. त्याला वाटलं, फोन करावा, ये म्हणावं. चिखलीहून काय येणार होती ती? मग त्यानं रजिस्टरात तारीख टाकली. रिजेक्शनच्या रकान्यात लिहिलं : गाणी शून्य. पिक्चर अख्खा दाखवला होता.

एक तारखेला साडेचारला सगळी काळेवाडी टीव्हीपुढं. चॅनेलचा जुना शिक्का गेला होता, त्याच्या जागी लाल-पिवळं काहीतरी गरगरत होतं. पाट्या आल्या त्या दाक्षिणात्य मारामारीच्या. एका माणसानं एका लाथेत सहा जीपगाड्या उडवल्या, आणि बोलायला लागला तो मराठीत, ओठ एकीकडं, आवाज एकीकडं. खाली पट्टी फिरत होती : आता नव्या रूपात.

शालनबाई उठून आत गेली. आतून भांड्याचा आवाज नाही, नळाचा आवाज नाही. हिंदुरावाला ती रडली असती तर बरं वाटलं असतं.

ग्रुपवर मात्र झुंबड उडाली. 'उद्धवराव, मानलं तुम्हाला!' 'बरोबर बोलला होता माणूस.' 'हॉलवर बसायला पाहिजे होतं राव, चुकलंच.' अंगठे, हात जोडलेले, फुलं, सगळी उद्धवरावाच्या पायावर. उद्धवराव एवढंच बोलला, "काय करायचंय मोठेपण, बाबांनो? माझा अंदाज खोटा ठरला असता तर मीच पेढे वाटले असते." तोही आवाज गोडच. हिंदुरावाला वाटलं, फोन भिंतीवर मारावा.

शिव्या दिल्या असत्या तरी चाललं असतं. हिंदुरावाचं नाव कुणी काढतच नव्हतं. सात वर्षं पाणी घातलेल्या झाडाला फुलं आली ती शेजाऱ्याच्या अंगणात.

तेव्हा त्याला ती पेन्सिलीची ओळ आठवली.

त्यानं रजिस्टर खिडकीशी नेलं. नऊ तारखेचं पान उघडलं, उजेडात धरलं, फोटो काढला. अक्षर बारीक होतं म्हणून दुसरा काढला, जवळून. तो स्वतःशीच हसला. खाली लिहिलं : 'हे मला नऊ तारखेलाच कळलं होतं. तारीख बघा. उद्धवराव तेरा तारखेला बोलले. पुरावा सोबत.' आणि पाठवून दिलं.

माणसं वाचत होती, निळ्या खुणा दिसत होत्या. मग भीमराजनं लिहिलं : 'मग तेराला रजिस्टर का मिटलंस, हिंदू?'

त्याच्याखाली उद्धवराव टाइप करताना दिसला, आयुष्यात पहिल्यांदा. मग थांबला.

मग मारुतरावाचं आलं. मारुतराव ग्रुपात कधी लिहीत नसे.

'दाजी, कंपनीचं पण आधीच कळलं होतं का?'

हिंदुरावानं फोटो पुसायला बोट पुढं नेलं. पुसला. तिथं 'हा संदेश काढून टाकला आहे' अशी ओळ उमटली, आणि तिच्याखाली मारुतरावाचा प्रश्न तसाच उभा. दुसऱ्यानं लिहिलेलं पुसायची सोय हिंदुरावाकडं नव्हती, आणि असती तरी उशीर झाला होता. कारण स्वयंपाकघराच्या दारात शालनबाई उभी होती, चष्मा नाकावर, हातात स्वतःचा फोन.

फोटो तिनं पुसण्याआधीच बघितला होता; आता खालचं सगळं शांतपणे वाचून संपवलं. मग खाटेवर पडलेलं रजिस्टर उचललं, नऊ तारखेच्या ओळीवर बोट ठेवलं, तिथनं बोट सरकवत गुरुवारच्या ओळीवर आणलं. बारशाच्या गुरुवारच्या. दोन ओळींत आठ दिवस होते.

"मी ते बघितलंच न्हाई," हिंदुराव म्हणाला. "म्हणजे बघितलं, पण तो उद्धव..."

"त्याचं न्हाई विचारत मी." तिनं रजिस्टर मिटून त्याच्या मांडीवर ठेवलं आणि फोनचा पडदा त्याच्यापुढं धरला. "सांगा की. मारुती विचारतोय."