झोपाळू

व्हिडिओ गेमच्या जुन्या कॅसेटवर जोरदार फुंकर मारून किनुएबाईंनी ती टीव्हीला जोडलेल्या यंत्रात खुपसली.

"काकू, फुंकर नका मारू, आत गंज चढतो," कुरामोची म्हणाला.

"इतकी वर्षं मारतेय. तुमच्या कंपनीतल्या माणसांपेक्षा जास्त टिकली ही."

जपानमधल्या आमागासाकीच्या त्या छोट्या घरात कुरामोची गुडघे दुमडून अवघडून बसला होता. साठी उलटलेला हा माणूस एकेकाळी कंपनीत किनुएबाईंच्या मुलाच्या, हिदेनोरीच्या, शेजारच्या टेबलाशी बसायचा. दोघांनी मिळून हा खेळ केला होता: अंधाऱ्या समुद्रात कंदील घेऊन हरवलेल्या होड्या शोधणारा म्हातारा कोळी. आता कंपनी तो नव्याने काढणार होती. लोक कधीपासून मागत होते, आणि रास्तच मागत होते. त्या कोळ्याच्या तोडीचं पुढे फारसं काही निघालंच नाही.

किनुएबाईंना खेळाचं मेलं काय कौतुक! त्यांना शेवट हवा असे. ऐंशी उलटल्यावरही वाकड्या बोटांनी त्या तिथवर पोचत, कारण शेवटी खेळ करणाऱ्यांची नावं येत. खरी नव्हेत. दुसऱ्या कंपन्यांनी माणसं पळवू नयेत म्हणून त्या काळी मालक खरी नावं घालू देत नसत. कुरामोची होता 'मुळा'. हिदेनोरी होता 'झोपाळू'.

"रात्र रात्र जागून मेलं माझं पोर," त्या म्हणाल्या, "आणि तुम्ही त्याला झोपाळू म्हणता! नव्या खेळात त्याचं पूर्ण नाव लिहा, इवाकी हिदेनोरी. मला दुसरं काही नको."

कुरामोचीने मान खाली घातली. "खूप विनवलं मी, काकू. साहेब म्हणतात, हयात माणसानं मागितलं तर खरं नाव घालू. गेलेल्यांचं जुनंच ठेवायचं. उगाच लचांड मागे लागायला नको."

"म्हणजे मेला, तिथेच चुकला." त्यांनी त्याच्याकडे रोखून पाहिलं. "हे नाव ठेवलं कुणी?"

"मीच." चहाचा पेला त्याने खाली ठेवला. "खेळ कारखान्यात धाडायची सकाळ होती. मी नावं भरत होतो. हिदेनोरी टेबलाखाली पुठ्ठ्यावर आडवा. आम्ही सगळेच तिथे झोपायचो, कुणी कुणाला उठवत नसे. त्याचंच नाव राहिलं होतं. मी म्हटलं, हा बघा झोपाळू. सगळे हसले. तेच भरलं, आणि त्याच्या अंगावर माझा कोट घातला. दुपारी उठवायला गेलो, तेव्हा..."

पोरगं कामावर असताना दगावलं, एवढंच किनुएबाईंना आजवर सांगण्यात आलं होतं. पडद्यावर कोळी कंदील धरून बटण दाबायची वाट बघत होता.

"कोट घातलास तेव्हा अंग गरम होतं?"

"मी हात लावून बघितलं नाही, काकू."

त्यांना त्याचा भयंकर संताप आला, आणि तो इतका म्हातारा दिसत होता म्हणून कीवही आली.

"तुझं खरं नाव घालतील ना ते?"

"मागितलं तर."

"मग माग. झोपाळूच्या खाली घाल. तिथे जागं कोण होतं, ते तरी कळू दे लोकांना."

नवा खेळ आला तेव्हा थंडी पडली होती. त्यातला समुद्र आता खराखुरा वाटत होता, आणि किनुएबाईंची बोटं पार आखडली होती. तरी त्या शेवटाला पोचल्या. झोपाळू. त्याखाली कुरामोची तात्सुहिको.

त्याने शब्द पाळला होता. बाईंनी ते नाव दोनदा वाचलं. मागितलं ते मिळालं होतं, आणि त्यांच्या पोराचं नाव अजूनही कुठे नव्हतं.