झाली की थांबली

आयव्हनने पिंपाची तोटी जराशी सैल केली, उंच काचपात्रात वीतभर बिअर काढली आणि तिच्यात हायड्रोमीटर सोडला. काचेची ती बारीक नळी दोनदा वरखाली झाली आणि स्थिरावली. आकडा वाचायला तो इतका वाकला की नाक काचेला टेकलं. १०१५.

त्याने नळी बाहेर काढली, फडक्याने पुसली, पुन्हा सोडली. १०१५.

गॅरेजच्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्याच्याच अक्षरात शुक्रवार, शनिवार, रविवार असं तिन्ही दिवस १०१८ लिहिलेलं होतं. बिअरमधली साखर संपली की आकडा उतरायचा थांबतो. तीन दिवस तो हलला नाही की बिअर झाली, बाटल्या भरायला हरकत नाही. चाळीस वर्षं आयव्हन या एका नियमावर चालला होता. १०१८ त्याला जरा चढाच वाटला होता, पण या वर्षीचं माल्ट जड असेल म्हणून त्याने मनाची समजूत घातली होती. सोमवारी तीस बाटल्या धुऊन पालथ्या घातल्या होत्या. आज भरल्या की लेकीच्या, ब्रॉनविनच्या लग्नापर्यंत त्यांना मुरायला पाच आठवडे मिळत होते.

थांबलेला आकडा आपण होऊन खाली येत नाही. पाणी घातलं तर येतो.

त्याने पिंपाच्या बाजूला चिकटवलेली पट्टी पाहिली. बिअर रविवारच्या पेन्सिलीच्या खुणेलाच होती. यानेच तो जास्त अस्वस्थ झाला. जो जितकी काढतो तितकंच पाणी भरतो, त्याची खूण अशीच राहते.

स्वयंपाकघरात आयव्हनची बायको नोलीन चटणीसाठी फिजोआची फळं कापून चमच्याने गर काढत होती.

"तुझा भाऊ गॅरेजमध्ये जातो," आयव्हन म्हणाला.

"कशावरून?"

"आकडा उतरलाय. पातळी आहे तिथेच आहे."

नोलीनचा चमचा थांबला. याहून जास्त काही सांगायची गरज नव्हती. नऊ वर्षांपूर्वी तिच्या आईच्या दफनानंतर व्हिस्कीच्या दोन बाटल्यांतून कोरा, गार चहा निघाला होता. पहिला घोट पाद्रीबाबांनी घेतला होता, म्हणून सगळ्यांसमोर कळलं. ते काम तिच्या भावाचं, गार्थचं होतं, आणि त्याने कधी नाकारलंही नाही.

आता गार्थला दारू सोडून सात महिने झाले होते. तो त्यांच्याकडेच, गॅरेजला लागून काढलेल्या खोलीत राहत होता. आयव्हनने एकच अट घातली होती, गॅरेजमध्ये पाऊल टाकायचं नाही.

"सात महिने झाले रे त्याला," नोलीन म्हणाली.

"आपल्याला माहीत आहेत ते सात."

"तोंडाला वास येत नाही कधी."

"दिवसभर पेपरमिंट चघळतो तो. वास येणार कुठून?"

नोलीनने हात धुतले, नीट पुसले.

"मी बोलते. तू मध्ये पडू नकोस. तू बोललास की ते भांडण होतं."

खिडकीतून आयव्हनला हिरवळीपलीकडे दोघं दिसत होती. नोलीन बोलत होती. गार्थ हातातल्या दाताळ्यावर रेलून ऐकत होता. मग त्याने मान डोलावली, एकदाच, आणि दाताळं झाडाला टेकवून ठेवलं. हात उडवणं नाही, आवाज चढवणं नाही. आयव्हनची उरलीसुरली शंकाही तिथेच फिटली. केलं नसतं तर भांडला असता.

"चारच्या बसने नेल्सनला जातोय," परत आल्यावर नोलीन म्हणाली. "मित्राकडे. लग्नालाही नाही येणार म्हणाला."

"कबूल केलं?"

"मी विचारलं, गॅरेजमध्ये जातोस का. हो म्हणाला. पुढे मीच नाही विचारलं."

तीन वाजून गेल्यावर आयव्हन बिअर ओतून टाकायला निघाला. पाणी घातलेली बिअर लेकीच्या लग्नात ठेवायची नव्हती.

गॅरेजचं दार अर्धवट उघडं होतं. दाराबाहेर गार्थची बॅग. आत गार्थ पिंपाजवळ गुडघ्यांवर बसलेला. आयव्हन आवाज न करता उभा राहिला. त्याला गार्थच्या हातात पेला हवा होता, निदान एखादा कप तरी. गार्थच्या हातात घोंगडी होती, त्याच्याच पलंगावरची. ती तो पिंपाभोवती गुंडाळून दोरीने बांधत होता. शेजारी त्याच्या खोलीतला छोटा हीटर लावलेला होता.

"काय चाललंय?"

गार्थ दचकला नाही. त्याने गाठ पूर्ण केली.

"रात्री लावून ठेवायचो, सकाळी परत न्यायचो. आता तुला लावावा लागेल. अजून आठवडा तरी ऊब दे, मग भर."

"ती झाली होती. तीन दिवस आकडा हलला नाही."

"झाली नव्हती, थांबली होती. गारठ्याने."

"तुला काय माहीत?"

"भिंतीला लागून पलंग आहे माझा." गार्थने झाकणावरच्या, गॅस बाहेर सोडणाऱ्या पाण्याच्या नळीकडे बोट केलं. "हिचा बुडबुडा रात्रभर ऐकू येतो. झालेली बिअर हळूहळू गप्प होते. आधी मिनिटाला एक, मग दोन मिनिटांना, मग विसरल्यासारखा एखादा. ही चांगली जोरात होती, आणि गुरुवारी दहिवर गोठलं त्या रात्री एकदम बंद पडली. तू बाटल्या धुवायला काढल्यास तेव्हा..."

तो थांबला.

"अशीच भरली असतीस तर लग्नाच्या हॉलच्या उबेत पुन्हा उठली असती. बंद बाटलीत. फुटल्या असत्या हातात कुणाच्या तरी."

"मला सांगायचंस."

"हेच विचारलं असतंस ना, तुला काय माहीत?"

रचून सांगायला सोपी गोष्ट होती, आणि गार्थला अशा गोष्टी रचता येत. आयव्हनने तोटी उघडून पेल्यात दोन घोट बिअर घेतली, उजेडाकडे धरली आणि एक घोट घेतला. पाणी जिभेला लगेच कळतं. जीभ पाणी शोधत राहिली. बिअर पातळ नव्हती. गोडवा कमी झाला होता, कडूपणा वर आला होता, आणि जिभेच्या टोकाला बारीक चुरचुर होती. जिवंत होती.

पेला खाली घेताना त्याने गार्थकडे पाहिलं. गार्थ पेल्याकडे बघत होता. मग त्याने मान फिरवली आणि खिशातून पेपरमिंट काढलं. कागद लवकर सुटेना.

आयव्हनने उरलेला घोट मोरीत ओतला आणि पेला पाठीमागच्या फळीवर, डब्यांच्या मागे ठेवला.

"बंद पडली तेव्हा झोप लागली असेल ना तुला," तो म्हणाला.

"तीन रात्री. मस्त लागली."

"मग कशाला चालू केलीस?"

"लग्नात ब्रॉन उघडणार होती ना बाटल्या."

आयव्हनने हीटर बंद केला, त्याची वायर गुंडाळली आणि गार्थच्या खोलीत नेऊन ठेवला. परत आला तेव्हा गार्थ दाराशी बॅग उचलत होता.

"बॅग राहू दे जरा. हे पिंप एकट्याने उचलवत नाही मला. तिकडून धर."

"कुठे न्यायचंय?"

"आमच्या बेडरूममध्ये. घरात तीच एक खोली गरम असते."

दोघांनी पिंप उचललं. हिरवळीवरून, मागच्या पायऱ्या चढून, फिजोआच्या वासाने भरलेल्या स्वयंपाकघरातून ते आडवे आडवे चालत गेले. नोलीन चमचा हातात घेऊन बाजूला झाली. तिने आधी नवऱ्याकडे पाहिलं, मग भावाकडे.

"तो पाणी घालत होता ना?"

"नाही," आयव्हन म्हणाला. "दार धर."

पलंगाच्या आयव्हनच्या बाजूला, भिंतीशी पिंप ठेवलं. नोलीन त्यांच्या मागे आली आणि दारातच उभी राहिली. हलवाहलवीने ढवळलेली बिअर थोडा वेळ निवांत राहिली, मग नळीतलं पाणी वर सरकलं आणि बुडबुडा फुटला. थोड्या वेळाने दुसरा.

"हे रात्रभर असंच?" नोलीनने विचारलं.

"आठवडाभर."

नोलीन पलंगावर बसली आणि मांडीवरच्या हातांकडे बघत राहिली. सकाळी हिरवळीवर आपण भावाशी काय काय बोललो ते आठवत असावी. बाहेर वळणावर बसने गिअर बदलल्याचा आवाज आला आणि रस्त्याने लांब गेला.

"माझी बस गेली," गार्थ म्हणाला.

आयव्हन घोंगडीची गाठ सोडत होता.

"चारची रोजच असते," तो म्हणाला, आणि घोंगडी घडी करून त्याच्या हातात दिली.